शेकरूची वाट

"आता सगळ्यांनी पाठीवर झोपा आणि वर बघा," पाहुण्यांना जंगल दाखवायला आलेल्या बाई म्हणाल्या. पिठलं-भाकरी करायला आलेल्या चिमाबाईंनाही त्यांनी सोडलं नाही. पदर सावरत, लाजत चिमाबाई सतरंजीवर आडव्या झाल्या. साठ वर्षं जंगलात गेली, पण झाडाखाली असं पडून वर बघायला सवड होती कुणाला!

वर फांदीत फांदी गुंतलेली. त्या वाटेनं एक शेकरू तुरुतुरु आलं आणि जांभळीच्या टोकाशी थबकलं. पुढं ऐनाचा नुसता बोडका बुंधा. ते बिचारं माघारी वळलं.

"का बरं परतलं?" कुणीतरी विचारलं.

बाई बोलायच्या आत चिमाबाई उठून बसल्या. "म्या तोडली त्याची वाट. भाताची रोपं टाकायच्या आधी वाफ्यावर राब भाजायला दरसाली ह्या ऐनाच्या फांद्या मीच उतरवते."

चिमाबाई तरातरा चुलीकडे गेल्या, चटणीसाठी आणलेला नारळ उचलून ऐनाच्या बुंध्याशी फोडला आणि आपल्या कपाळाचं कुंकू बोटानं खोडाला लावलं. कुंकू लागलं की झाड देवाचं झालं; त्याला त्यांच्या गावात कुणी कोयता लावत नाही.

"अगं, मग पुढल्या साली राब कशाचा करशील?" भाकरी थापायला सोबत आलेली थोरली जाऊ कळवळली.

"पाचोळा वेचीन. पाठ दुखंल, पण दोन पावसाळ्यांत फांद्या परत भिडतील."

"पण आजी, देव कोणता बसवला?" एका पाहुण्यानं विचारलं.

चिमाबाईंनी जांभळीकडे बोट दाखवलं. "तो काय, शेपूट हलवत बसलाय."