न टिकणारं औषध

शेवंताच्या रक्ताचा थेंब घेऊन खाटेशेजारच्या यंत्राने फक्त तिच्यासाठी पेप्टाइड, म्हणजे वेदना थांबवणारं औषध, जुळवलं, आणि सुई टोचताच तिच्या हाताची आग थांबली. सिस्टर फिलोमिना पट्टी सोडत होत्या, तेव्हा ती खुशाल खिडकीबाहेर बघत होती. गुऱ्हाळात उकळती काकवी सांडून तिचा उजवा हात भाजला होता. आता त्यावर नवी कातडी धरत होती.

हे पेप्टाइड मूळचं डॉ. शर्वाणी तेरदाळे यांचं. विद्यापीठातल्या नोकरीची सगळी वर्षं त्यांनी त्याच्यापायी घालवली, आणि त्यांचं संशोधन तपासणाऱ्या प्रत्येक परीक्षकाने एकच शेरा मारला: रक्तात टिकत नाही. आज त्या दिवसभर टिकणारं पेप्टाइड कसं जुळवायचं ते यंत्राला शिकवायला वॉर्डात आल्या होत्या.

ड्रेसिंग संपत आलं तसा शेवंताचा चेहरा आक्रसला.

"उतरलं बघा," शर्वाणीबाई ओशाळून म्हणाल्या. "वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. मेलं कधी टिकलंच नाही."

तेवढ्यात सिस्टरांचा कापूस शेवंताच्या करंगळीला लागला.

"आई गं! झोंबलं!"

शर्वाणीबाई पुन्हा औषध द्यायला घाईने यंत्राकडे वळल्या. शेवंताने डाव्या हाताने त्यांचा पदर धरला.

"थांबा हो बाई. भाजल्यापासून या बोटाला काही म्हणजे काही कळत नव्हतं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"पुन्हा लावा बघू तो कापूस."

या खेपेला कापूस शर्वाणीबाईंनी स्वतः उचलला. शेवंता पहिल्यापेक्षा मोठ्याने ओरडली.