एक पट्टी खाली

"पुन्हा आवाज फाटला ना, तर रविवारचा कार्यक्रम रद्द कर," असं म्हणून आजोबांनी माइक स्टँडला अडकवला आणि ते पाणी प्यायला आत गेले.

आजोबांचा रॉक बँड सव्वीस वर्षांनी स्टेजवर येणार होता आणि त्याची मॅनेजर होते मी, इयत्ता नववी! हॉल मीच मिळवला, पोस्टरही मीच केलं. अडचण एकच होती. शेवटच्या गाण्यातल्या वरच्या सुराला आजोबांचा आवाज रोज फाटायचा, आणि "खालच्या पट्टीत म्हातारे गातात," हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं.

मी गिटारवाल्या लोबो अंकलना गाठलं. "तारा एक पट्टी उतरवा. बेसवाल्या अंकलनाही सांगा."

"त्याला कळलं तर तंगडी तोडेल माझी."

"मॅनेजर कोण आहे?"

"तू गं बाई," म्हणत त्यांनी खुंट्या पिळल्या.

आजोबा आले, गायले. वरचा सूर असा काही लागला की ड्रमवाल्या अंकलनी काठी हवेत उडवली आणि ती त्यांच्याच टकलावर पडली.

"बघितलंस, लोबो? म्हणे म्हातारा झालो!" आजोबा गरजले. मी चेहरा कोरा ठेवून वहीत 'रविवार पक्का' असं लिहिलं.

सगळे गेल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता आजोबांनी मला हाक मारली.

"मॅनेजर, रविवारी अजून एक पट्टी उतरवायला सांग. मला मात्र यातलं काही माहीत नाही, काय?"