विहीणबाईंची बासुंदी

नासकं अन्न लागताच झाकण मिटून वाढायला नकार देणाऱ्या यंत्र-डावाने माणसाची विषबाधेतून कायमची सुटका केली, असं आता शाळेच्या पुस्तकातही छापलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्यांना बहुधा विहीण नसावी.

मे महिन्यातली दुपार, आमराईत साखरपुड्याची पंगत. विहीणबाईंनी मिरजेहून स्वतः आटवून आणलेल्या बासुंदीत डाव बुडाला आणि झाकण घट्ट मिटून बसला. मुलीची आई शर्वरीताई हसऱ्या चेहऱ्यानेच घामाघूम झाली.

“काय म्हणतोय तुमचा डाव?” विहीणबाईंनी विचारलं.

“काही नाही हो, उन्हाने डोकं फिरलंय त्याचं.”

“तरी म्हटलं! बासुंदी कशाशी खातात हे यंत्राला काय कळणार? साधी पळी द्या इकडे, मीच वाढते. पहिली वाटी तुम्हाला.”

पळी आली. खरं बोलावं तर लेकीचं लग्न मोडणार, गप्प बसावं तर पंगतीतली पोरंबाळं आडवी होणार. शर्वरीताईची नजर नुसती भिरभिरत राहिली. विहीणबाईंनी पळी बुडवली, तशी ती “बसा हो, मी वाढते” म्हणत लगबगीने उठली, सतरंजीत पाय अडकवून घेतला आणि पातेल्यासकट आडवी झाली. बासुंदी पाचोळ्यात झिरपून गेली.

“अगंबाई, काय झालं हे माझ्या हातून!” तिने डोळ्यांना पदर लावला. इतकं हलकं तिला सकाळपासून वाटलं नव्हतं.

विहीणबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “मनाला लावून घेऊ नका. दुसरा डबा आहे गाडीत.”

गाडी उन्हात उभी होती.