ओला, सुका आणि सोयरीक

मुलाच्या बापाच्या बादल्यांत संशय घ्यावा असं काहीच सापडेना, तेव्हा मुलीचा बाप जास्तच अस्वस्थ झाला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून त्याने सुकी बादली पुन्हा उपसली. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या. कागदात गुंडाळलेलं दाढीचं पातं. झिजलेल्या चपला, त्याही जोडीनं. दारूची बाटली नाही, झोपेच्या गोळ्या नाहीत, फोडलेली कपबशी नाही. इतकं सरळ घर त्याने सबंध नोकरीत पाहिलं नव्हतं.

दोघेही बाप कचरागाडीवरच कामाला. ही विद्या त्यांच्या आधीच्या पिढीकडे नव्हती. तेव्हा शहराचा कचरा कोपऱ्यावरच्या उकिरड्यात पडे, पुढे लोखंडी कुंडीत पडू लागला; पण कोणाचं काय, हे कळायला मार्ग नसे. मग घंटागाडी आली. तिच्यामागून ओला-सुका आला, आणि नगरपालिकेने पर्यावरणाच्या नावाखाली प्रत्येक घराचं चारित्र्य दोन बादल्यांत वेगळं करून दारात आणून ठेवलं. वशिलेबाजी नको म्हणून कोणालाही स्वतःची गल्ली मिळत नसे. मुलीच्या बापाकडे मुलाच्या बापाची गल्ली होती, मुलाच्या बापाकडे मुलीच्या बापाची. सोयरीक जमवताना एवढी सोय राजेरजवाड्यांनाही नव्हती.

सगळं जुळलं होतं. मुलीची परीक्षा झाली की पुढच्या वर्षी बार उडवायचा, हेही ठरलं होतं. आणि अचानक मुलाच्या बापाने टुमणं लावलं, याच महिन्यात उरकून घेऊ.

घरी बायको म्हणाली, "एवढं म्हणतायत तर होऊन जाऊ दे. माणसं चांगली आहेत."

"तुला माणसांतलं काय कळतं," असं म्हणून त्याने तिला वाटेला लावलं. कुठेतरी पाणी मुरत होतं. ते कुठे, एवढंच बादलीत दिसत नव्हतं.

दुपारी वर्गीकरणाच्या शेडमध्ये दोघांच्या गाड्या शेजारी शेजारी रिकाम्या होत होत्या. त्याने हातमोजे काढले आणि विषयही काढला.

"सरळ सांग. पोराचं बाहेर काही आहे का?"

"माझ्या बादल्या रोज बघतोस. काय सापडलं?"

"काही नाही. म्हणून तर विचारतोय. घाईचं कारण सांग, नाहीतर सोयरीक मोडली समज."

मुलाचा बाप हातातले पुठ्ठे एकावर एक रचत राहिला. ते नीट बसले तरी पुन्हा सारखे करत राहिला.

"मला कसली घाई रे," तो शेवटी म्हणाला. "पोरगी परीक्षा देऊन आली असती तर मलाच बरं होतं."

"मग घाई आहे कोणाला?"

"सोयरीक मोडण्यापेक्षा दिलेला शब्द मोडतो. वहिनींना आहे. बादली देताना केस कागदात गुंडाळून देतात, मूठ मूठ. सोबत मोठ्या इस्पितळातल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. म्हणाल्या, भावजी, यांना एवढ्यात कळू देऊ नका, फक्त लग्न मला बघता येईल असं धरा."