वजदीचा दुखवटा

"मांडव उतरव, बाबा. या घरात कुणी दुखवटा घेणार नाही."

नआमतचा आवाज काही मोठा नव्हता. तरी मांडववाल्याच्या हातातला दोर तसाच राहिला. गल्लीत अर्धा मांडव उभा झाला होता, खुर्च्या उतरल्या होत्या, कुराण म्हणायला आणलेला शेख घसा खाकरत होता. नआमतच्या धाकट्या पोराला, वजदीला, माती देऊन पुरुष नुकतेच कब्रस्तानातून परतले होते.

गावचा ओम्दा शाझली मटकन खुर्चीत बसला. घ्या! आली का पीडा! गावची पाटीलकी करत त्याचे केस पिकले होते, आणि दुखवटा नाकारण्याचा अर्थ तर दक्षिण इजिप्तच्या त्या सईदी मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणूस आपल्या मरणानं मेला तर मांडव पडतो, कडू कॉफी फिरते, लोक येऊन दोन शब्द बोलून जातात. माणूस कुणी मारला असेल तर यातलं काही नाही. मारेकरी आडवा होईपर्यंत ते घर सांत्वनाचा शब्द घेत नाही. मागे एका घरानं असाच दुखवटा नाकारला, तेव्हा गाव अकरा वर्षं प्रेतं उचलत होतं.

"वहिनी, असं काय करता?" ओम्दा म्हणाला. "पोराचं हृदय बंद पडलं. डॉक्टरचा कागद आहे. मी स्वतः वहीत लिहिलंय."

"तुमच्या वहीत रमजानपासून चार पोरांची हृदयं बंद पडली, ओम्दा. विशीतली पोरं! उसाची मोळी एका हातानं उचलणारी! हृदयं काय काचेची होती त्यांची?"

ओम्दाला काय ठाऊक नव्हतं? ऊस तोडायचा तर नशेची गोळी, टुकटुक रिक्षा चालवायची तर गोळी, लग्नाच्या मांडवात नाचायचं तरी गोळीच. मुकादम तर सकाळच्या चहाबरोबरच ट्रामाडॉलच्या गोळ्या वाटायचे. सगळ्या गावाला माहीत होतं आणि सगळं गाव हृदयावर खापर फोडत होतं.

तेवढ्यात नआमतचा दीर अब्दुस्समी बंदूक घेऊन पुढं आला. मागं पाच-सहा पुतणे. "नाव सांग, वहिनी. सूर्य मावळायच्या आत त्याला लोळवतो. शपथ घेऊन सांगतो!"

नाव कशाला सांगायला हवं? ओम्दाला ते कधीच कळलं होतं. कालव्यापलीकडचं औलाद सालिम घराणं. औषधांचं दुकान त्यांचंच, आणि उभ्या जन्मात ओम्दानं पाहिलेली प्रत्येक गोळी कालव्यापलीकडूनच आलेली. त्यानं आपल्या पहारेकऱ्याला जवळ ओढलं. "पळ. सालिमांना म्हणावं, दुकान बंद करा आणि बायकापोरांना नावेत बसवा."

मग थोरला मुलगा जाबिर आईजवळ आला. भावाला त्यानंच कबरीत उतरवलं होतं, हात अजून मातीनं भरलेले. "आई, पुरे आता. एक गेला, आणखी किती मढी पाडायचीत? पडू दे मांडव." ओम्दाला वाटलं, चला, या घरात एक तरी शहाणा आहे.

नआमत दिराकडे वळली. "भाऊजी, आधी बंदूक खाली ठेवा. मगच नाव सांगते. मला रक्त नको. मला पोलिसांची जीप हवी, या दारात, भर दिवसा, साऱ्या गावादेखत. त्याला बेड्या पडल्या की मी स्वतः कॉफी करीन."

"आता हे बायका ठरवणार?" मागून कुणीतरी पचकलं.

"पोटात नऊ महिने मी वागवला, तू नाहीस. तोंड मीट!"

अब्दुस्समीनं कुरकुरत बंदूक भिंतीला टेकवली. ओम्दानं वही उघडली. "सांगा. मारेकऱ्याचं नाव?"

"जाबिर हसन."

"जाबिर... सालिमांत जाबिर कोण?" ओम्दा अजून कालव्यापलीकडेच शोधत होता.

"सालिमांत नाही. हा, इथं उभा आहे तो. गच्चीवरच्या कणगीत गव्हाखाली हात घालून बघा, पोतंभर गोळ्या निघतील. मोबाइल विकतो म्हणाला आणि मी भोळी खरं मानून बसले. त्या पैशाची फरशी मी हौसेनं पुसली हो! तिथूनच धाकटा मुठी भरून नेत होता. तिथूनच सारं गाव घेत होतं. चारही मढी माझ्याच घरातून निघाली."

जाबिरचा चेहरा पांढराफटक पडला. "अल्लाची शपथ, आई! वजदीला मी एक गोळी दिली नाही!"

"लोकांच्या वजदींना दिल्यास ना?"

अब्दुस्समी बंदुकीकडे बघेना आणि जाबिरकडेही बघेना. ओम्दा रडायच्या बेतात आला. "वहिनी, अजून विचार करा. एकदा लिहिलं की पुसता येणार नाही. तक्रारदाराचं मयताशी नातं विचारतात."

"आई," नआमत म्हणाली.

ओम्दानं लिहिलं आणि त्याचं पेन पुढच्या ओळीवर अडलं. "आणि आरोपीशी?"

नआमतनं जाबिरचं मनगट धरलं, निसटू नये इतकं घट्ट.

"तिथंही आईच. लिहा!"