रोझा आजीचा मुरंबा

वेटरने मुरंब्याची बरणी टेबलावर ठेवली आणि एर्सिलियाचा हात पावाच्या टोपलीतच थांबला. बरणीवर तिची आई होती.

डोक्याला पांढरा रुमाल, काखेत कोंबडा, आणि ऊन लागत होतं म्हणून मिटलेला डावा डोळा. आईच ती, दुसरी कोण असणार? खाली वळणदार अक्षरांत छापलं होतं : रोझा आजीचा अंजिराचा मुरंबा.

"माझ्या आईचं नाव आर्जिया," एर्सिलिया म्हणाली.

समोर बसलेल्या मुलाने, मौरोने, मान वर केली नाही. पन्नाशी उलटलेला बाप्या, पण पावाला लोणी असं फासत बसला, जणू आयुष्यात तेवढं एकच काम उरलंय.

एर्सिलियाला ऐंशी वर्षं पूर्ण झाली म्हणून त्याने तिला या हॉटेलात आणलं होतं. कोर्तोनाच्या टेकडीखालची ही पूर्वीची जमीनदाराची हवेली. आर्जियाचं कुटुंब त्याचीच जमीन अर्धलीने कसायचं. अर्धं पीक मालकाचं, शिवाय अंडी आणि नाताळचा धष्टपुष्ट कोंबडा वेगळा. ते सगळं आर्जिया पोचवायची मागच्या दाराने. पुढच्या जिन्याला तिचा पाय कधी लागला नाही. काल तोच जिना लेकाच्या हाताला धरून चढताना एर्सिलियाला भरून आलं होतं. आई, बघतेस ना गं, पोराने पांग फेडले, असं ती मनात म्हणालीसुद्धा होती.

आणि आता ही बरणी.

आईचा हा एकच फोटो. थडग्याचा दगड नवा केला तेव्हा चिनी मातीच्या तबकडीवर उतरवून घ्यायचा म्हणून तिने पेटी उघडली, तर फोटो गायब. गावात प्रत्येक थडग्यावर माणसाचा चेहरा असतो. आर्जियाच्या दगडावर अजून नुसती रिकामी खोबण आहे. पेटीला हात लावणारी दुसरी कोण? धाकटी बहीण नेल्ला. एर्सिलियाने तिला चर्चच्या पायऱ्यांवर, अख्ख्या गावादेखत चोर म्हटलं. "ताई, आईची शपथ, मी नाही घेतला," नेल्ला म्हणाली होती. "मेलेल्या आईची कसली शपथ घेतेस!" त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. गेल्या हिवाळ्यात नेल्ला गेली. एर्सिलिया तिच्या मातीलाही गेली नाही.

"कसा वाटला मुरंबा?" हॉटेलची व्यवस्थापक फ्लामिनिया हसत हसत टेबलाशी आली. "मौरोंचे आभार मानावे तितके थोडे! ते इथे दिवे बसवायला आले होते ना, तेव्हा आम्ही जुने फोटो शोधत होतो. म्हणाले, आमच्या घरी एक झकास आहे. पाहुणे तर वेडे झालेत रोझा आजीपायी! म्हणूनच तुमचा हा सगळा मुक्काम आमच्याकडून."

"तिचं नाव आर्जिया होतं."

"अय्या, किती गोड! पण परदेशी पाहुण्यांच्या तोंडात रोझा पटकन बसतं, नाही का?"

"तिने मुरंबा कधी केला नाही," एर्सिलिया म्हणाली. "अंजीर मालकाचे. साखर मालकाकडे. आम्ही खाली पडलेले खायचो, तेही गुपचूप."

"वा! हे छापायलाच हवं," फ्लामिनिया म्हणाली आणि पलीकडच्या टेबलावर जर्मन जोडप्याशी बोलायला गेली.

मौरोने सुरी खाली ठेवली. "मम्मा, मी परत आणणारच होतो गं. पण तू मावशीच्या नावाने एवढा गोंधळ घातलास, मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

"म्हणजे तुला माहीत होतं. मी तिला चोर म्हणत होते तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास."

"आता ते उगाळून काय होणार आहे? मावशी गेली बिचारी. आणि बघ ना, रोज किती लोक आजीला बघतात!"

"नेल्लाने बघितलं?"

मौरोने सुरी पुन्हा उचलली. त्याचा राग तरी ती कुठल्या तोंडाने करणार? चोरी त्याची होती, पण चोर म्हणणारं तोंड तिचं स्वतःचं होतं. तेच तोंड घेऊन ती इतकी वर्षं दर रविवारी चर्चला गेली होती.

तिने बरणी उचलून काखेत मारली आणि उठली.

"कुठे निघालीस?"

"नेल्लाकडे."

"अगं, पायात हॉटेलच्या सपाता आहेत! थांब, गाडी काढतो. आणि दुपारचं जेवणही त्यांच्याकडूनच आहे."

"तू जेव पोटभर," एर्सिलिया म्हणाली. "आजीच्या जिवावर आहे."

ती पुढच्या जिन्यापर्यंत गेली. तिथे क्षणभर उभी राहिली, आणि मागे वळून सरळ स्वयंपाकघरात शिरली. आचारी बघतच राहिले. "बाई, इकडून नाही, पाहुण्यांचं दार तिकडे!" कुणीतरी ओरडलं.

"मला ठाऊक आहे कोणाचं दार कुठलं ते," ती म्हणाली आणि मागचं दार ढकललं.

समोर टेकडीवर गाव, त्याच्या कडेला दफनभूमीच्या सरूंची काळी रांग. चढ बराच होता. बाहेर पाऊल टाकताच ऊन थेट तोंडावर आलं. काखेतली बरणी घट्ट धरून एर्सिलियाने डावा डोळा मिटला आणि ती चढाला लागली.