जावयाची गाडी

मेस्त्रीने लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि जावयाला खुणेनेच रेस द्यायला सांगितली. खडखडाटाने वर्कशॉपचे पत्रे थरथरले.

"बास, बंद कर," मेस्त्री म्हणाला. "गरम झाल्यावरही वाजतंय, आणि रेस दिली की जास्तच. नुसता पिस्टन नाही, खाली रॉडचं बेअरिंगही गेलंय. अख्खं इंजिन खोलावं लागेल."

"खोला बाबा. गल्लीत शिरलो की लोक म्हणतात, खडीचं मशीन आलं," जावई हसत म्हणाला. "आणि इतक्या जुन्या गाडीला तुमच्याशिवाय हात कोण लावणार?"

मेस्त्री खुलला. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर उड्या मारायला बनवलेली ती बाइक जावयाने भंगारातून उचलली होती. लग्नाला आठ वर्षं झाली, पण या माणसाने सासऱ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच मागणं. मेस्त्रीने बाकीच्या गिऱ्हाइकांना पुढच्या तारखा दिल्या.

तिसऱ्या दिवशी मुलगी डबा घेऊन आली. इंजिन टेबलावर सुटं पडलं होतं. मेस्त्रीने तिला रॉड वरखाली हलवून दाखवला. "बघ, म्हाताऱ्याच्या दातासारखा डुगडुगतोय."

"चालत होती की गाडी. राहू द्या ना बाबा तशीच."

"तशीच? मेस्त्रीच्या जावयाची गाडी अशी खडखडत फिरली, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

ती नट-बोल्टांच्या ताटलीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "थोडा तरी ठेवता येईल का आवाज?"

मेस्त्रीला हसू आवरेना. "आवाज काय मीठ आहे, चवीपुरता ठेवायला?"

तीही हसली. निदान त्याला तरी तसं वाटलं.

लेथवाल्याकडून त्याने सिलिंडर बोअर करून आणला, त्या मापाचा पिस्टन शोधायला चार बाजार पालथे घातले. क्रँक प्रेसखाली सोडवून नवं बेअरिंग घातलं. क्रँक अगदी केसाइतका वाकडा फिरत होता, तर पुन्हा सोडवला, पुन्हा बसवला. बारा दिवस गेले. कंबर धरली, जेवणाची शुद्ध राहिली नाही. कुणी टोकलं की म्हणायचा, "लेकीच्या घरची गाडी आहे, उरकून कसं चालेल?"

तेराव्या दिवशी सकाळी जावयाने किक मारली. इंजिन इतकं मऊ चालू झालं की पत्र्यावरच्या चिमण्या उडाल्यासुद्धा नाहीत. जावयाने मेस्त्रीचे काळे झालेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. गाडी कोपऱ्यावर वळली, तेव्हा मेस्त्रीने मुद्दाम कान दिला. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पोर चांगल्या घरी पडली, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला.

आठवड्याने मुलगी वर्कशॉपमध्ये आली. सोबत सहा वर्षांची नात. नातीचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

"अगं, कुठे धडपडलीस?" मेस्त्रीने तिला जवळ ओढलं.

नातीने आईकडे पाहिलं. मुलीने दार लोटून घेतलं आणि ती स्टुलावर बसली.

"काम चोख झालंय बाबा," ती म्हणाली. "दाराशी येईपर्यंत कळतच नाही."

"मग झालं काय?"

"आधी पुलावर असतानाच त्याची गाडी ऐकू यायची. हिला मागच्या दाराने शेजारी पाठवायला तेवढा वेळ पुरायचा. घरात मी एकटीच सापडायचे." तिने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "परवा ही समोरच होती."